नमुना गोठला नाही

नऊ जानेवारी, सकाळचे अकरा चाळीस. वादू-सेक गावातून निघालेल्या रुग्णवाहिकेने बावन्न वर्षांच्या सावेता उंगुरियानू यांना जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात उतरवलं. त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं, जीभ जड झाली होती, आणि त्या हसत होत्या. तोंडाला दारूचा वास नव्हता.

त्याच वेळी गावात एफ्तिमिए भाऊंच्या अंगणात शंभरएक माणसं रांगेत उभी होती. थर्मामीटर उणे एकोणीस दाखवत होता. नदीवरून पोरं चालत पलीकडे जात होती, विहिरींवर कुऱ्हाडी चालत होत्या, आणि भाऊंच्या अंगणातल्या दगडी कुंडात नळीतून झऱ्याचं म्हणवलं जाणारं पाणी शांतपणे पडत होतं. गोठत नव्हतं.

एफ्तिमिए हे तीन वर्षांपूर्वी गावात आले तेव्हापासून काळा झगा घालत. त्यांना दीक्षा कोणत्या मठाने दिली हे विचारलं की ते वर बोट दाखवत. आवाज मात्र उत्तम होता.

"पाहा, बहिणींनो," ते कुंडापाशी उभे राहून सांगत होते, "नदी गोठली. विहीर गोठली. चर्चमधलं पिंप गोठून फुटलं, ते मी म्हणत नाही, तुम्हीच पाहिलंत. मग हे का वाहतंय? पाण्यात थंडी शिरते, कृपेत थंडी शिरत नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत, त्यांना विचारा. त्यांच्याकडे उत्तर आहे? नाही. मग उत्तर कोणाकडे? ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडे."

"भाऊ, गोड कसं काय लागतं हो?" रांगेतून एकीने विचारलं.

"पाप कडू, पुण्य गोड. तुला कडू लागलं तर माझ्याकडे ये, एकटी ये, कोणाला सांगू नको."

कडू लागलेली एकही व्यक्ती गावात सापडली नाही.

सहा जानेवारीला येशूच्या जॉर्डन नदीतल्या स्नानाचा, बाप्तिस्म्याचा, सण झाला की पुढचे आठ दिवस आमच्याकडे घरोघर सकाळी उपाशीपोटी तीर्थ घेतात. त्याआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. हे तीर्थ वर्षभर नासत नाही असं म्हणतात. गोठतं की नाही हा प्रश्न यापूर्वी कोणी काढला नव्हता, कारण आशीर्वाद दिलेल्या पाण्याचं पिंप चर्चच्या आत शेगडीजवळ असे. यंदा सणाच्या संध्याकाळी चर्चमधलं पिंप बाहेर राहिलं आणि रात्रीत त्याला उभी चीर गेली. गावच्या पाद्रींनी दुसऱ्या दिवशी लोकांना समजावलं, "पाणी आहे, गोठणारच. जॉर्डन नदीला एवढी थंडी पडली असती तर तीही गोठली असती." हे लोकांना आवडलं नाही. ज्याचं पाणी फुटतं त्याच्यापेक्षा ज्याचं वाहतं तो बरा, असा सरळ निष्कर्ष निघाला आणि रांग चर्चकडून भाऊंच्या अंगणाकडे वळली.

आमच्या वर्तमानपत्राने आठ तारखेला तिसऱ्या पानावर फोटोसह बातमी छापली. बातमी मी लिहिली होती. उणे एकोणीस हा आकडा मी पाद्रींच्या खिडकीतल्या थर्मामीटरवर स्वतः वाचला होता. थंडी मी मोजली, पाणी मोजलं नाही.

भाऊ पाण्याचे पैसे घेत नसत. बाटली मात्र त्यांचीच घ्यावी लागे. नियमही त्यांचाच होता: पहिले तीन दिवस तीन-तीन घोट, चौथ्या दिवशी पाव लिटरचा पेला भरून. सावेताबाईंचे गुडघे सहा वर्षं दुखत होते. मुलगी इटलीत म्हातारी माणसं सांभाळते, ती गोळ्या पाठवायची. गोळ्यांनी पोट बिघडायचं. गोड पाण्याने पोट बिघडत नव्हतं, ही त्यांच्या लेखी पहिली खूण होती.

नऊ तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी, त्यांनी सकाळी आठला भरला पेला घेतला. नवऱ्याला, गाव्रिलला, अर्धा पेला पाजला. तो नको म्हणत होता.

"जीभ चिकटते त्याने," तो म्हणाला.

"तुझी जीभ कशाने चिकटते ते मला माहीत आहे," सावेताबाई म्हणाल्या.

गाव्रिलने अर्धा पेला संपवला आणि तोंडाची चव जावी म्हणून मागच्या खोलीत जाऊन आलुबुखारच्या घरगुती दारूचे, त्सुइकाचे, तीन ग्लास घेतले. तास-दीड तासाने आणखी दोन. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. बावीस वर्षांपूर्वी सावेताबाईंचा भाऊ दारूने गेला. तेव्हापासून त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता आणि घरात कोणी केलेला त्यांना चालत नव्हता.

साडेनऊला त्या भाऊंचे आभार मानायला अंगणात गेल्या. कुंडापर्यंत पोचल्या आणि तिथेच बर्फात बसल्या. उठवलं तर पुन्हा बसल्या. हसायला लागल्या. बोलत होत्या ते कळत नव्हतं. बावीस वर्षं निर्व्यसनी असलेली बाई भर सकाळी देवाच्या अंगणात झिंगली होती, याचा अर्थ लावणं भाग होतं. भाऊंनी लावला.

"ही दारूची झिंग नाही," ते हात उंचावून म्हणाले. "हिच्या जवळ जा, वास घ्या. येतोय? नाही ना? ही कृपेची झिंग आहे. हिच्यावर उतरलंय. हात लावा, शालीला हात लावा, पण ढकलाढकली करू नका."

रांगेतल्या बायका एकेक करून सावेताबाईंच्या शालीला हात लावून गेल्या. त्यांची धाकटी बहीण झाम्फिरा शाल धरून उभी होती आणि रडत होती, आनंदाने. यात एक तास गेला. रुग्णवाहिकेला फोन गाव्रिलने केला, तोही बायकोला वांती झाल्यावर.

तातडीच्या विभागात त्या दिवशी डॉक्टर तिबेरिउ राकित्सा होते. चौतीस वर्षांचे, हुशार, छत्तीस तासांच्या पाळीतला तिसावा तास. त्यांनी आधी रक्तातली दारू तपासायला सांगितली. शून्य. डोक्याचं स्कॅन केलं, स्वच्छ. साखर ठीक, सोडियम ठीक. आम्ल किंचित वाढलेलं, पण उपाशी राहिल्याने तेवढं होतं. रक्त घट्ट किंवा पातळ झालंय का, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण बिघडलंय का, हेही त्यांनी पाहिलं. छापील अहवालात त्याचा आकडा होता: दोनशे एक्क्याण्णव. समोर 'सामान्य' असा शिक्का होता.

"काय खाल्लं होतं त्यांनी?" त्यांनी गाव्रिलला विचारलं.

"काही नाही. तीर्थ. बाटली माझ्या खिशात आहे."

"तुम्हीही घेतलंत?"

"अर्धा पेला. तिने पाजलं."

"आणि तुम्हाला काही नाही."

"मला काय होतंय, डॉक्टर."

तिबेरिउंनी सरळ हिशेब केला: एकाच बाटलीतलं पाणी दोघांनी प्यायलं, एकजण धडधाकट उभा आहे, तेव्हा दोष पाण्याचा नाही. कागदावर त्यांनी 'बहुधा मानसिक कारण, निरीक्षण' असं लिहिलं. सावेताबाईंची खाट बोळात लावली गेली.

पावणेपाचला परिचारिकेने बोलावलं. सावेताबाई आता हसत नव्हत्या. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हत्या. आम्ल दुपटीने वाढलं होतं. तिबेरिउंनी तळघरातल्या प्रयोगशाळेत फोन लावला. तिथे लुक्रेत्सिया हांगानू होत्या, एकोणचाळीस वर्षं नोकरी झालेल्या, एप्रिलमध्ये निवृत्त होणार असलेल्या.

"बाई, दुपारचा नमुना ठेवलाय का? पुन्हा चालवा. कुठेतरी चूक आहे."

"कशात चूक आहे, डॉक्टर?"

"ते कळत नाही म्हणून तर सांगतोय. सगळं सामान्य आहे आणि बाई मरतेय. विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाणसुद्धा तुमच्या यंत्राने दोनशे एक्क्याण्णव दिलंय."

"माझ्या कोणत्या यंत्राने?"

"ते मोजण्याचं जे असेल त्याने."

"त्याच्यावर नोव्हेंबरपासून फडकं आहे," लुक्रेत्सियाबाई म्हणाल्या. "मला कोणी मोजायला सांगितलेलंच नाही."

"मग दोनशे एक्क्याण्णव आलं कुठून?"

"गुणाकारातून. सोडियम एकशे चाळीस, त्याची दुप्पट दोनशे ऐंशी. साखरेचे सहा, युरियाचे पाच. झाले. तुमचा तो नवीन संगणक बेरीज करतो आणि छापतो. ही बेरीज तुम्ही बोटांवर करू शकला असता."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"अहवालात तसं लिहिलेलं नाही," तिबेरिउ म्हणाले.

"नाही लिहिलेलं. मी डिसेंबरमध्ये पत्र दिलं होतं की आकड्यासमोर 'हिशेबाने' असं छापा. रकान्यात जागा नाही म्हणाले."

त्यांनी फडकं काढलं. यंत्र जुनं होतं, पण काम सोपं असतं त्याचं. पाण्यात जितकं जास्त काही विरघळलेलं, तितकी ते गोठायला जास्त थंडी लागते, मग ते मीठ असो, साखर असो की आणखी काही. यंत्र रक्तातल्या पातळ भागाचे काही थेंब थंड करत जातं आणि ते नेमके कधी गोठतात ते पाहतं. त्याला कोणी सांगावं लागत नाही की आत काय आहे. निरोगी माणसाचे ते थेंब शून्याच्या खाली साधारण शून्य पूर्णांक चोपन्न अंशांवर गोठतात. सावेताबाईंचे दुपारी बारा वाजता काढलेले थेंब शून्य पूर्णांक एकसष्टवर गोठले. लुक्रेत्सियाबाईंनी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. विरघळलेल्या पदार्थांच्या प्रमाणात त्याचा आकडा प्रत्येक वेळी तोच येत होता: तीनशे सव्वीस.

पाच पस्तीसला त्या स्वतः जिना चढून वर आल्या. गुडघे त्यांचेही दुखतात.

"ताटं मांडली तुम्ही तिघांची," त्या तिबेरिउंना म्हणाल्या, "सोडियम, साखर, युरिया. दोनशे एक्क्याण्णव. मी माणसं मोजली, ती भरली तीनशे सव्वीस. पस्तीस जण न बोलावता आत बसलेत. आणि ते दुपारी बारापासून बसलेत. दारू असती तर म्हटलं असतं दारू. दारू शून्य आहे. मग कोण आहे?"

तिबेरिउंनी गाव्रिलकडे पाहिलं. गाव्रिलने न विचारता खिशातली बाटली काढून दिली.

तळघरात त्या पाण्याचे थेंब यंत्रात गेले. यंत्राने ते थंड केले, आणखी थंड केले, आपल्याला जमेल तेवढे थंड केले, आणि चिठ्ठी बाहेर टाकली: 'नमुना गोठला नाही'. दुसऱ्या वेळी तेच. लुक्रेत्सियाबाईंनी पाणी वीसपट पातळ केलं तेव्हा कुठे आकडा आला. त्यांनी थेंबभर बोटावर घेतलं, चिमटीत घासलं. तेलकट होतं. सावेताबाईंची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तिच्यात टाचण्यांसारखे स्फटिक पडले होते.

"ग्लायकॉल," त्या म्हणाल्या. "गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते. नक्की नाव राजधानीची प्रयोगशाळा देईल, त्याला चार दिवस लागतील. तुमच्याकडे चार दिवस नाहीत."

"मग हा माणूस कसा उभा आहे?" तिबेरिउंनी गाव्रिलकडे बोट दाखवलं.

"काय हो, त्यावर काही घेतलंत का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

गाव्रिलने बेशुद्ध बायकोच्या खाटेकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "पाच ग्लास. पण तिला सांगू नका."

हेच उत्तर होतं. ग्लायकॉल पोटात गेल्यावर यकृत त्याचं आम्ल बनवतं, आणि ते आम्ल मूत्रपिंडात स्फटिक होऊन बसतं. पण समोर दारू असेल तर यकृत आधी दारूला हात घालतं. तेवढ्या वेळात ग्लायकॉल आहे तसं लघवीवाटे निघून जातं. पिणाऱ्या गाव्रिलला गावात पापी म्हणत. त्याचं पाप त्या दिवशी त्याच्या मूत्रपिंडांच्या दारात उभं राहिलं. पुण्यवान बाईकडे उभं राहायला कोणी नव्हतं.

यावरचं खास औषध राजधानीत होतं. दुसरा उपाय प्रत्येक गल्लीत होता.

"दारू द्यायची?" गाव्रिल म्हणाला. "सावेताला?"

"नाकातून नळीने. आत्ता."

"शुद्धीवर आली की मला घरात घेणार नाही." मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून चपटी बाटली काढली. "ही घ्या. माझ्या झाडांची आहे."

"तुमच्या झाडांत किती टक्के आहे ते मला माहीत नाही, आणि घरच्या भट्टीत आणखी काय उतरलंय तेही माहीत नाही," लुक्रेत्सियाबाई म्हणाल्या. "समोरच्या दुकानातून वोडका आणा."

वोडका आली. बाटलीवर चाळीस टक्के लिहिलं होतं. बाईंनी ती मापात ओतली आणि त्यात दारूचं प्रमाण दाखवणारी तरंगमापी सोडली. साडेसदतीस. त्यांनी डोस त्यावरून काढला.

सहा वीसला नळी सुरू झाली. आठ वाजता रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर, डायलिसिसवर, सावेताबाईंना घेतलं. गाव्रिलचा नमुनाही मोजला. त्याचाही आकडा हिशेबापेक्षा वर होता, आणि त्यातली दारू वजा केली तरी काहीतरी उरत होतं. त्याला शेजारच्या खाटेवर झोपवलं आणि दर तासाला मोजून वोडका दिली. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर आपल्याला दारू लिहून देतोय आणि आपल्याला ती घशाखाली उतरत नाहीये, असं त्याने परिचारिकेला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावेताबाईंना शुद्ध आली. लघवी मात्र बंद झाली होती. तीन दिवसांचे घोट आणि चौथ्या दिवसाचा पेला, त्यात दुपारी बारा ते संध्याकाळी सहा हे तास बोळात गेलेले. तिबेरिउंनी हे तास रुग्णाच्या कागदावर स्वतःच्या हाताने नोंदवले आणि खाली सही केली. तसं करण्याची पद्धत नाही.

दहा तारखेला झाम्फिरा बहिणीला भेटायला आली. लुक्रेत्सियाबाईंनी तिला यंत्राच्या चिठ्ठीची प्रत दिली. खाली पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पिऊ नये. विष आहे.'

"गावात जाऊन प्रत्येकाला दाखव, पोरी. आज दाखव. मी पोलिसांना कळवलंय, पण ते कागद पूर्ण झाल्याशिवाय निघत नाहीत."

झाम्फिराने कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, गावात गेली, आणि तो कागद सगळ्यात आधी भाऊंना दाखवला. तासाभरात तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून कुंडाच्या वर टांगला गेला. भाऊ त्याच्याखाली उभे राहून बोलत होते.

"मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. आता हे मी म्हणत नाही. सरकारी रुग्णालयाचं यंत्र म्हणतंय. वाचता येतं ना? वाचा. 'नमुना गोठला नाही.' यंत्राने प्रयत्न केला, बहिणींनो. यंत्र हरलं."

रांग दुप्पट झाली. शेजारच्या दोन गावांतून गाड्या आल्या.

अकरा तारखेला रविवार होता. प्रार्थना सुटल्यावर लुक्रेत्सियाबाई, तिबेरिउ आणि दोन पोलीस अंगणात आले. गावचे पाद्रीही मागून आले आणि फाटकापाशी थांबले. लुक्रेत्सियाबाईंनी पाकीट खाली काढलं.

"कागद माझाच आहे," त्या म्हणाल्या. "पण खालचा भाग मागे दुमडलाय. तो उलगडून वाचतो का कोणी?"

कोणी पुढे आलं नाही. त्यांनीच वाचला.

"विष?" भाऊ हसले. "सहा दिवस गाव पितंय, बाई. मेलं कोणी?"

"तुम्ही घ्या ना एक पेला. सगळे आहेतच."

भाऊंनी क्षणभर कुंडाकडे पाहिलं. "मी न्याहारी केलीय. तीर्थ उपाशीपोटी घेतात. शहरातल्या बायकांना हे ठाऊक नसणार."

"ठाऊक आहे. मग उद्या सकाळी सहाला येते. मापाचा पेला मी घेऊन येईन."

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

लुक्रेत्सियाबाई रांगेकडे वळल्या. फाटकाबाहेर ट्रॅक्टर चालू ठेवून एक दाढीवाला उभा होता.

"दादा, ट्रॅक्टर तुझा?"

"माझाच."

"थंडी किती आहे?"

"सकाळी उणे सतरा होती."

"मग रेडिएटरमधलं पाणी गोठून तो फुटला कसा नाही?"

"त्यात नुसतं पाणी नसतं, बाई. अँटिफ्रीझ असतं."

"म्हणजे ट्रॅक्टरवर कृपा उतरलेली नाही?"

त्याने आधी कुंडाकडे पाहिलं, मग हातातल्या बाटलीकडे. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक घरात गाडी किंवा ट्रॅक्टर होता, आणि प्रत्येकाने ऑक्टोबरात आपल्या हाताने रेडिएटरमध्ये हे ओतलं होतं. डबा उघडा राहिला तर कुत्रं चाटेल, गोड असतं ते, मरेल, म्हणून पोरांना ओरडले होते. न गोठणारं गोड पाणी काय असतं हे वादू-सेकमध्ये कोणालाही सांगायची गरज नव्हती. फक्त ते डब्यात नव्हतं, कुंडात होतं.

"पण ते हिरवं असतं," एकजण म्हणाला. "हे तर स्वच्छ आहे."

"रंग कारखान्यात घालतात, ओळखू यावं म्हणून," लुक्रेत्सियाबाई म्हणाल्या. "न घातलेलंही मिळतं. कुठे ते या भाऊंना विचारा."

पोलीस तोवर नळीच्या मागे मागे गेले होते. नळी कुंडामागच्या भिंतीतून लाकडांच्या ढिगाखाली शिरत होती. लाकडं हलवल्यावर जमिनीत पुरलेला दोनशे लिटरचा ड्रम निघाला, वर गवताचं आच्छादन, बाजूला लहान पंप. कुंडातलं पाणी खालच्या भोकातून पुन्हा ड्रममध्ये जात होतं आणि तेच फिरून वर येत होतं. झरा म्हणतात तो एवढाच होता. ड्रमवर एका बंद पडलेल्या डेअरीचा शिक्का होता. एफ्तिमिए भाऊ झगा घालण्याआधी अकरा वर्षं त्या डेअरीत शीतगृहाचे मेकॅनिक होते. काय गोठतं आणि काय गोठत नाही हे त्यांना जिल्ह्यात कोणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं.

ड्रमशेजारी ग्लिसरीनचे रिकामे कॅन सापडले. ग्लिसरीनही गोड असतं, पाण्यात कालवलं तर तेही थंडीला दाद देत नाही, आणि पेलाभर पोटात गेल्याने सहसा कोणी मरत नाही. पहिली दोन वर्षं तेच असावं असा पोलिसांचा अंदाज आहे. यंदा रांग मोठी झाली आणि कॅन पुरले नाहीत. भाऊंनी जबाबात म्हटलंय, "मला वाटलं दोन्ही एकच." अकरा वर्षं शीतगृह सांभाळलेल्या माणसाला तसं खरंच वाटलं का, हे न्यायालय ठरवेल. त्याच दुपारी त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशीचा सहाचा पेला राहून गेला.

गाव फसलं यात नवल नाही. गावाला पाणी वाहताना दिसलं आणि कारण कोणीतरी ठसक्यात सांगितलं. पण रुग्णालयातही तेच झालं. कागदावर आकडा दिसला आणि त्यासमोर शिक्का दिसला. आकडा कुठून आला हे साडेचार तास कोणी विचारलं नाही. हिशेब वाईट नसतो. रोजच्या हजार रुग्णांना तो पुरतो. पण हिशेबात जे धरलंय तेवढंच त्यातून बाहेर येतं. जे आपल्याला माहीतच नाही, ते मोजल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच आहे. झगेवाल्याने सांगो की पांढऱ्या कोटवाल्याने, छापून येवो की वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर फोटोसह येवो, एक प्रश्न विचारा: हे तुम्ही मोजलंत, की धरून चाललात? प्रश्नाने देव रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या अंगणातली लाकडं हलवून पाहा.

आज चौदा जानेवारी, दुपारचे चार. राजधानीच्या प्रयोगशाळेने ग्लायकॉलच असल्याचं कळवलंय. वादू-सेकमधले आणखी चौघे रुग्णालयात आहेत, चौघांची प्रकृती ठीक आहे. गाव्रिलला कालच घरी सोडलं. तो गेला नाही, बोळात बसून आहे. सावेताबाईंचं चौथं डायलिसिस सकाळी अकराला संपलं. त्यानंतर आतापर्यंत साठ मिलिलिटर लघवी झालीय. ही चार दिवसांतली पहिली आहे. निरोगी माणसाला दिवसाला दीड लिटर होते. मूत्रपिंडं परत येतील का, असं विचारल्यावर डॉक्टर तिबेरिउ म्हणाले, "उद्या पुन्हा मोजू."

भाऊंनी किती बाटल्या दिल्या याचा पोलिसांचा अंदाज दोनशे चौदा आहे. एकशे एकाहत्तर परत आल्या. झाम्फिराची त्यांत नाही. ती ओतून टाकली असं तिने जबाबात सांगितलंय, कुठे ओतली ते तिला आठवत नाही. ती रोज दुपारी तीन ते चार बहिणीजवळ बसते, हात चोळते, आणि डॉक्टर गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगते की इथलं औषध लागू पडत नाहीये. कालपासून वॉर्डच्या दारावर तिची पिशवी तपासली जाते. आजच्या तपासणीत पिशवीत काही सापडलं नाही. कोटाचे खिसे तपासण्याचा अधिकार पहारेकऱ्याला नाही.